पहिली खिडकी इतकी वर का?

"मावशी, ह्या लोकांना खिडक्या आवडायच्या नाहीत का गं?"

माझ्या भाचीनं हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही बनारसला गंगेत होडीत बसलो होतो. अस्सी घाट मागे पडला होता. डाव्या हाताला एकामागून एक घाट सरकत होते आणि पायऱ्यांच्या वर दगडी वाडे, महाल, गढ्या उभ्या होत्या. होडीतले बाकीचे लोक देवळांचे कळस बघत होते, फोटो काढत होते. ही सहावीतली बाई मात्र भिंती बघत होती.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"बघ ना. खालून वरपर्यंत नुसती भिंत. कोरी! आणि एकदम वरती गेल्यावर खिडक्या, सज्जे, नक्षी, जाळ्या, सगळं काही. एका वाड्याचं असतं तर समजलं असतं. पण सगळ्यांचंच कसं काय?"

आणि खरंच की! इतक्या वेळा बनारसला आले, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुम्हीही कधी ह्या घाटांचं चित्र बघितलंत तर नीट निरखून बघा. खालचा निम्मा भाग कड्यासारखा सपाट, आणि वरचा भाग लेस लावल्यासारखा नाजूक.

होडीवाले काका वल्हं मारता मारता हसले. बनारसी हिंदीत म्हणाले, "बिटिया, हे ऑगस्टमध्ये येऊन बघ. तेव्हा मी माझी होडी त्या वरच्या पायऱ्यांना बांधतो."

मित्रांनो, उत्तर त्यांनी एका वाक्यात देऊन टाकलं होतं. पण ते उलगडायला आम्हाला दोन दिवस लागले.

नदी की लिफ्ट?

आपल्याकडच्या नद्या उन्हाळ्यात पार सुकतात आणि पावसाळ्यात दुथडी भरतात, हे तुम्ही बघितलंय. गंगा बारा महिने वाहते, पण तीही वर-खाली होतेच. आणि किती? बनारसला हिवाळ्यातली पाण्याची पातळी आणि मोठ्या पुरातली पातळी यांत दहा मीटरहून जास्त फरक पडतो. दहा मीटर म्हणजे तीन मजली इमारत! घाटांच्या पायऱ्या इतक्या का, ह्याचं उत्तरही हेच. नदी कुठल्याही मजल्यावर असो, तिच्यापर्यंत पोचायला पायरी हवी.

इथं गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६ मीटर धरतात. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढलं होतं. म्हणजे धोक्याच्या रेषेच्याही वर अडीच मीटरहून जास्त. घरातला उंचातला उंच माणूस बुडेल आणि वर हात केला तरी बोटं बाहेर येतील न येतील, एवढं!

आता समजा तुम्ही राजे आहात. काशीत, नदीकाठी तुम्हाला महाल बांधायचाय. खालच्या मजल्यावर छान मोठी खिडकी ठेवलीत, तर आषाढ-श्रावणात गंगामाई त्या खिडकीतून थेट दिवाणखान्यात येऊन बसेल. म्हणून खालचा भाग नदीला द्यायचा आणि राहायचं वर.

"म्हणजे पहिली खिडकी जिथं आहे ना," भाची म्हणाली, "तिथपर्यंत नदी येईल असं त्यांना वाटत होतं!"

शाब्बास. खिडकी वर असण्याला आणखीही कारणं होती. खाली भोकं नसली की चोर आणि शत्रू सहज आत शिरत नाहीत. आणि भिंतीला जितकी भोकं पाडाल तितकी ती कमकुवत होते. पण सगळ्यात मोठं कारण आमच्या होडीखालून वाहत होतं.

पूर ओसरतो, तेव्हाच भिंत पडते

तुम्हाला वाटेल, पुराचा लोंढा धडकला की भिंत पडत असेल. तसंही होतं. पण नदीकाठच्या भिंतींना खरा धोका असतो तो पूर उतरताना! कसा, ते एका खेळातून बघू.

मित्राच्या तळहातांना तळहात लावून समोरासमोर उभे राहा. दोघंही एकमेकांना ढकला. कोणी पडत नाही, बरोबर? आता मित्राला म्हणा, पटकन मागे हो. तुम्ही तोंडावर आपटाल! (गादीवर खेळा हं.)

भिंतीचंही तसंच. महालाच्या भिंतीमागे माती भरलेली असते. पावसाळ्यात ती माती पाणी पिऊन जड होते आणि भिंतीला बाहेर ढकलते. त्याच वेळी बाहेरून पुराचं पाणी भिंतीला आत ढकलत असतं. दहा मीटर खोल पाण्याच्या तळाशी एका चौरस मीटरवर जवळपास दहा टन भार पडतो. म्हणजे तुमच्या अभ्यासाच्या टेबलाएवढ्या जागेवर दोन-तीन हत्ती! दोन्हीकडून ढकलाढकली, त्यामुळे भिंत मधल्या मध्ये उभी. मग पूर झपाट्यानं ओसरतो. बाहेरचा मित्र मागे सरकतो. आतली माती मात्र अजून ओलीचिंब आणि जड. ती ढकलतच राहते. आणि धाडकन...

म्हणून जुन्या गवंड्यांनी काय काय केलं बघा. भिंत तळाशी खूप जाड ठेवली आणि वर जाताना जरा आत झुकवली. सरळसोट लांब भिंतीला मध्येमध्ये गोल किंवा अष्टकोनी बुरूज दिले. तुमच्या वहीचा एक कागद टेबलावर उभा करा, लगेच लवंडेल. त्याचीच नळी करा, ती उभी राहील आणि वर छोटं पुस्तकही पेलेल. बुरुजाची जादू हीच. घाटावर पाण्यात घुसलेले अष्टकोनी चौथरे दिसतात, त्यांना बनारसी लोक 'मढी' म्हणतात. त्यावर बसून लोक गप्पा मारतात, पतंग उडवतात. पण मढी पाण्याला फोडते आणि मागच्या पायऱ्यांना टेकूही देते.

आणि पायऱ्या? त्या तर महालाची पसरलेली पावलंच. तुम्ही पाय फाकून उभे राहिलात तर कोणी ढकललं तरी पटकन पडत नाही ना, तसं.

हे गणित प्रत्येक वेळी जमलंच असं नाही बरं का. मणिकर्णिका घाटाच्या पुढे शिंदे घाट लागतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमाराला तो बांधवला. घाट भव्य होता, दगड भरपूर होता, आणि तोच भार खालच्या मातीला पेलवला नाही. घाट खचला. पुढे विसाव्या शतकात तो पुन्हा बांधावा लागला. तिथंच पायथ्याला रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. ते चक्क एका बाजूला कललेलं आहे, इटलीतल्या पिसाच्या मनोऱ्यापेक्षाही जास्त!

ते बघून भाचीनं मान तिरकी केली आणि म्हणाली, "आता सरळ दिसतंय."

आपल्या माणसांचे वाडे

शिंदे हे नाव ऐकून तुमचे कान टवकारले असतील. बनारसचे घाट बघताना मराठी माणसाला सारखं घरी आल्यासारखं वाटतं. आज दिसणारे पुष्कळसे दगडी घाट अठराव्या शतकात, मराठ्यांच्या काळात बांधले किंवा पुन्हा बांधले गेले. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी उभारलं, हे तुम्हाला माहीत असेल. त्यांच्या नावाचा घाटही इथं आहे.

त्याच्या शेजारी एक महाल आहे, गोष्टीतल्या किल्ल्यासारखा, बुरूजबिरूज असलेला. नागपूरच्या भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ च्या सुमाराला तो बांधवला. पुढे १९१५ मध्ये त्यातला काही भाग बिहारमधल्या दरभंग्याच्या महाराजांनी घेतला. म्हणून इथं मुन्शी घाट आणि दरभंगा घाट असे दोन घाट अगदी खेटून आहेत. एकच भिंत, दोन नावं!

आणखी पुढं गेलं की खुद्द भोसले घाट. नागपूरकरांचा वाडा तिथं उभा आहे. भाचीच्या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर हेच. खाली दगडाची उंचच उंच भिंत, एखाद्या डोंगराच्या कड्यासारखी. आणि अगदी वर, टोपीच्या काठाला मोती शिवावेत तशा इवल्या इवल्या खिडक्या.

"इथल्या राणीला बाहेर बघायला स्टूल लागत असेल," असं एक मत होडीत नोंदवलं गेलं.

पलीकडच्या काठावर कोणीच का नाही?

आता मी तिला उलटा प्रश्न टाकला. "डावीकडे इतके महाल. उजवीकडे बघ. काय दिसतं?"

उजवीकडे नुसती वाळू! दूरवर झाडांची रेघ. एकही महाल नाही.

ह्याचं उत्तर चहाच्या पत्तीत आहे. घरी करून बघा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात चिमूटभर भिजलेली चहाची पत्ती टाका. चमच्यानं गरागरा ढवळा आणि चमचा काढून घ्या. पत्ती कुठं जाईल? आपल्याला वाटतं, फिरताना सगळं कडेला फेकलं जाईल. पण पत्ती तळाशी, बरोबर मधोमध गोळा होते!

असं का? गोल फिरणारं पाणी बाहेर ढकललं जातं हे खरं. पण ग्लासाच्या तळाशी पाणी घासलं जातं, त्याचा वेग कमी होतो आणि बाहेर जायचा जोरही कमी पडतो. मग वरचं जोरकस पाणी कडेनं खाली उतरतं आणि तळाचं मंद पाणी आत, मध्याकडे सरकतं. जाता जाता पत्तीला घेऊन जातं. १९२६ मध्ये एका शास्त्रज्ञानं ह्या पत्तीवर निबंध लिहिला आणि त्यावरून नद्या वळणं का घेतात ते समजावलं. त्या शास्त्रज्ञाचं नाव आल्बर्ट आइन्स्टाइन!

बनारसला गंगा अर्धचंद्रासारखी वळते. वळणाची बाहेरची बाजू म्हणजे ग्लासाची कड. तिथं पाणी खोल, धार जोरात. आतली बाजू म्हणजे ग्लासाचा मधला भाग. नदी तिथं पत्तीसारखी वाळू आणून टाकते. घाट आहेत ते बाहेरच्या बाजूला. तिथला काठ उंच आणि चिवट मातीचा आहे, त्या मातीत चुनखडीचे कंकर मिसळलेत, म्हणून तो धारेपुढे टिकून राहिला. आणि समोरच्या वाळूवर महाल बांधला असता, तर पुढच्याच पुरात राजेसाहेबांना पोहायला लागलं असतं.

नदीनंच वाहून आणलेला किल्ला

मग त्या बाजूला किल्ला नाहीच का? आहे! जरा वरच्या अंगाला, जिथं काठ उंच आहे तिथं. रामनगरचा किल्ला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथं गेलो.

काशीचे राजे बलवंतसिंह यांनी १७५० मध्ये तो बांधला. रंग सायीसारखा, फिकट पिवळसर. आत मोठमोठी अंगणं, कोरीव सज्जे, वाऱ्यासाठी मोकळे मंडप. नदीच्या बाजूनं बघाल तर पुन्हा तेच. खाली बुरूज आणि भिंत, वर झरोके. आतल्या संग्रहालयात पालख्या, तलवारी, बंदुका, जुन्या मोटारी आहेत. आणि एक अजब घड्याळ आहे. ते वेळ दाखवतंच, शिवाय वार, महिना, आणि सूर्य-चंद्र-नक्षत्रं कुठं आहेत तेही सांगतं. रामनगरची रामलीलाही प्रसिद्ध आहे. ती जवळपास महिनाभर चालते आणि अख्खं गावच रंगमंच होतं. एक दिवस अयोध्या ह्या चौकात, दुसऱ्या दिवशी लंका त्या मैदानात!

भाचीनं भिंतीला हात लावला. "खरखरीत आहे. पॉलिश पेपरसारखी."

बरोबर ओळखलं तिनं. हा वालुकाश्म, म्हणजे वाळूचाच दगड. बनारसच्या नैर्ऋत्येला, गंगेच्याच काठी चुनार नावाचं गाव आहे. तिथं विंध्य पर्वताच्या टेकड्या नदीपर्यंत येतात. शंभर कोटी वर्षांपेक्षाही आधी तिथं उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळू साचली, थरावर थर चढले, दाबले गेले, कण एकमेकांना चिकटले आणि दगड झाला. तेव्हा डायनोसॉर नव्हते, झाडं नव्हती, जमिनीवर गवताची काडीसुद्धा नव्हती. विंध्यातल्या ह्या दगडावर कधी कधी त्या समुद्राच्या लाटांच्या नागमोडी खुणा दिसतात, ओल्या वाळूवर असतात तशाच.

चुनारचा दगड सम्राट अशोकालाही आवडायचा. त्याचे पुष्कळसे स्तंभ ह्याच दगडाचे. सारनाथचे चार सिंहही ह्याच दगडातून कोरलेले. खिशातलं नाणं काढून बघा. त्यावर जे सिंह आहेत ना, ते मूळचे चुनारचे!

पण एवढा दगड आणायचा कसा? चुनार वरच्या अंगाला, बनारस खालच्या अंगाला. दगड नावेत चढवायचा आणि नाव धारेला लावायची. ज्या नदीला थोपवायला भिंती बांधायच्या, त्याच नदीनं त्यांचे दगड वाहून आणले.

दगड सांधायला सिमेंट नव्हतं. होता तो चुना. आपल्या शिवरायांच्या गडांवर चुन्याची घाणी बघितलीत ना तुम्ही? तोच चुना. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. मग ती पाण्यात विरवायची, त्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालायची आणि दगडांच्या फटीत भरायची. भिंत बांधून माणसं घरी जातात, पण चुन्याचं काम संपत नाही. तो हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत ओढून घेतो आणि परत चुनखडीचा दगड होत जातो. जाड भिंतीत हे वर्षानुवर्षं चालतं.

राजा पळाला तो कुठून?

आता एक गोष्ट, खरी घडलेली. बलवंतसिंहांचे चिरंजीव राजा चेतसिंह. बनारसच्या शिवाला भागात, घाटावर त्यांची गढी होती. तो चेतसिंह घाट आजही आहे. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज त्यांच्याकडे सारखे जादा पैसे मागत होता. ऑगस्ट १७८१ मध्ये तो स्वतःच बनारसला आला आणि त्यानं राजाला ह्याच गढीत कैद केलं. पहाऱ्यावर शिपाई ठेवले, पण त्यांच्याकडे दारूगोळाच नव्हता! रामनगरहून राजाची माणसं नदी ओलांडून आली. मोठी चकमक झाली. त्या गोंधळात चेतसिंह नदीकडच्या लहानशा दिंडी दरवाजातून निसटले. खाली उभा कडाच. मग पगड्या एकमेकींना बांधून त्यांचा दोर केला, त्यावरून ते खाली होडीत उतरले आणि पसार झाले.

पुढे हेस्टिंग्जलाही बनारस सोडून पळावं लागलं. कुठं पळाला माहितीये? चुनारच्या किल्ल्यात! नंतर इंग्रज जिंकले आणि चेतसिंहांचं राज्य गेलं. त्यांना आसरा मिळाला ग्वाल्हेरला, महादजी शिंद्यांकडे. तिथंच १८१० मध्ये ते वारले.

अशीच गंमत फार लांब, फ्रान्सच्या एका खेड्यातही झाली. तिथं शनोंसो नावाचा किल्लेवजा महाल आहे, नदीच्या काठावर नाही तर चक्क नदीवर! १५१४ च्या सुमाराला एका जुन्या पाणचक्कीच्या पायावर तो बांधायला घेतला. मग त्याला जोडून पलीकडच्या काठापर्यंत कमानींचा पूल बांधला आणि पुलावर साठ मीटर लांब दालन चढवलं. त्या नदीचं नाव आहे शेर. पण ही शेर गंगेपुढे अगदीच मांजर, म्हणून तिच्या पाठीवर महाल बांधता आला. दुसऱ्या महायुद्धात एका काठावर जर्मन फौजांचा ताबा होता आणि दुसरा काठ त्यांच्या ताब्याबाहेर होता. मग कितीतरी माणसं ह्या दारातून महालात शिरली आणि दालनातून चालत पलीकडच्या दारानं सुटली.

"म्हणजे नदीकडचं दार नेहमी ठेवायचं," भाची म्हणाली. "पण उंचावर."

तर मित्रांनो, आता तुमचं काम. बनारस लांब असेल, पण वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तुमच्या गावातही नदीकाठी एखादा जुना वाडा, गढी किंवा देऊळ असेलच. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन तिथं जा आणि पहिली खिडकी जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजा. मग आजी-आजोबांना विचारा, आजवरच्या सगळ्यात मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि आम्हाला नक्की कळवा.